मडीचा नळ

५ मार्च १९५९
एकदाची जागा मिळाली! राजाजीनगरात, पुढे अंगण, मागे परस, वर पापड घालायला ऐसपैस गच्ची. बेळगाव सोडताना रडरड रडले होते, आज मात्र फुगडीच घातली असती. पाचवा महिना म्हणून गप्प बसले. मालक जयतीर्थ अण्णा, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, आणि त्यांच्या पत्नी अहल्याक्का. इथली जुनी मराठी माणसं. बोलता बोलता मध्येच कानडी 'स्वल्प' न् 'सरी' येतं, मला हसू आवरेना. घर कडक सोवळ्याचं. आम्ही मराठे, आधी जात विचारतील म्हणून मी पदर खोचून तयार, तर अक्कांनी विचारलं काय, कितवा महिना! ऐकून दोघं एकमेकांकडे बघून हसली. हातावर चुरमुरे ठेवले, पाण्याचं काही विचारलं नाही. हे म्हणाले, त्यांची मडी असेल, सोवळ्याला इथे मडीच म्हणतात, तू मनावर घेऊ नकोस.

१६ मार्च
नळ त्यांच्या स्वयंपाकघरात. तो मडीचा, मी शिवायचा नाही. अक्का सकाळी एक कळशी दाराशी ठेवतात, तीच दिवसभर पुरवायची. कोपऱ्यावर सार्वजनिक नळ आहे, पण पोटुशीने घागर उचलू नये असं अण्णांनी बजावलं आणि ह्यांनी लगेच मान डोलावली. बायकोपेक्षा घरमालकाचं ऐकणारा नवरा मिळाला मला!

आज परसातला अण्णांचा पसारा पाहिला. काचेच्या पेट्यांत वाळू आणि वाळूत वाळवंटातले उंदीर. ते म्हणे जन्मात पाणी पीत नाहीत. कोरडे दाणे खातात, त्यातूनच अंगात पाणी तयार होतं. अण्णा सांगू लागले की ऐकत राहावं. ऑस्ट्रेलियात एक बेडूक आहे, तो पाऊस येईपर्यंत जमिनीत झोपून राहतो, कधी कधी वर्षानुवर्षं. उंट कितीही सुकला तरी त्याचं रक्त दाट होत नाही. देवाची करणीच म्हणायची. पण हे सगळं सांगताना अण्णा माझ्या पोटाकडे बघत होते, ते मला आवडलं नाही.

२ एप्रिल
कळशीच्या जागी आता तांब्या येतो. नळाला पाणीच नाही म्हणे. धादांत खोटं! कोपऱ्यावर पाणी भरणाऱ्या बायकांची भांडणं इथपर्यंत ऐकू येतात. मराठ्याची म्हणून मला तहानलेली ठेवतात की काय? ह्यांना सांगितलं तर म्हणाले, तुझा स्वभावच संशयी. आणि सकाळीच कारखान्याच्या कामाला मद्रासला निघून गेले. पुढच्या महिन्यात येतील.

११ एप्रिल
आज डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मडी मडी करतात, आणि दोरीवर ओलं लुगडं एकदाही दिसलं नाही! सोवळ्याची बाई रोज न्हाते, धुतलेलं नेसते. इथे न्हाणीघराची मोरी ठणठणीत कोरडी.

अक्का देवळात गेल्या तेव्हा आत शिरले. नळाच्या तोंडाला कोळ्याचं जाळं. हंड्यात जाळं. माझा तांब्या कोपऱ्यावरून भरून आणत असतील. पण स्वतः? आठवून बघितलं. दोघांना पाणी पिताना मी कधी पाहिलेलंच नाही.

१९ एप्रिल
न राहवून विचारलं. अण्णा रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, पुढे सगळी पृथ्वीच वाळवंट होणार. आम्हा दोघांना सवय करायला अर्धं आयुष्य गेलं, तरी अंग पुरतं वळलं नाही. सुरुवात गर्भातच व्हायला हवी.

गर्भातच. माझ्या बाळावर प्रयोग करताहेत. माझ्या! आणि हे येईपर्यंत अशा अवस्थेत एकटी जाऊ तरी कुठे?

६ मे
कोपऱ्यावर जाऊन ओंजळीने पोटभर प्यायले. बाळ आत तडफडायला लागलं. लाथा नव्हेत, तडफड. घरी येऊन पडून राहिले. घसा कोरडा पडला तसं ते शांत झालं.

पुन्हा प्यायले. पुन्हा तेच. प्यायले तर त्याचे हाल, नाही प्यायले तर माझे. आईने करायचं काय?

२८ मे
हे आले. माझा चेहरा बघितला आणि तडक सामान बांधलं, गावातच दुसरी खोली घ्यायची म्हणून. अक्कांनी अडवलं नाही. अजिबात अडवलं नाही. म्हणूनच भीती वाटते —

१० जुलै, दवाखाना
मुलगा. रडला, पण तोंडात जराही ओल नाही. दूध तोंडाशी धरलं की मान फिरवतो.

नर्सने ओल्या बोळ्याने गाल पुसला — तिथलं कातडंच सोललं. ती म्हणते पुरळ आहे. न्हाऊ घातलं की जाईल —

दुपारी
मीच ह्यांना धाडलं. अक्कांना घेऊन या. बाकी कुणाला कळणार नाही हे. माझं काय व्हायचं ते होवो, तो जगायला हवा —

आल्या. दाराशी उभ्या आहेत, हात पसरून. हे भिंतीकडे तोंड करून रडताहेत.

नर्स घंगाळ घेऊन येते आहे. वाफ दिसते. नको म्हणते मी, ती ऐकत नाही, वेडी समजते —

दुपट्यात गुंडाळला. किती हलका आहे —

घ्या, अक्का. घ्या त्याला. पण मला एकदा तरी बघू द्याल ना, मी त्याची —