भोंग्याच्या वेळी वर गेलेला हात

उस्ताद,

उशीर झाला, माफ करा. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी आत्ता लिहायला बसलोय. गेल्या आठवड्यात एक जण भेटला, तेव्हापासून मी एका जागी टिकत नाही. एवढं लिहिता लिहिताही दोनदा उठून गॅस बंद आहे का ते बघून आलो. बायको म्हणते, "चहा होऊन तास झाला, गॅस कुठं पळून जातोय?" माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, अक्षर तुम्हाला माहीत आहे. सांभाळून घ्या.

भेटला तो तळवलीवाला. ज्याच्यासमोर मी बॉक्सिंगची, जिंकणाऱ्याला कमरेचा पट्टा मिळतो ती लढत हरलो, तोच. खांदेश्वरला डोळ्यांच्या दवाखान्यात आम्ही दोघं एकाच बाकावर, डोळ्यांत औषध घालून, मिटून बसलेलो. आवाजावरून ओळखलं मी त्याला. पण त्याचं बोलणं नंतर सांगतो. आधी सगळं पहिल्यापासून मांडतो. तुम्हाला ठाऊक आहे ते, तरी मांडतो, नाहीतर माझंच डोकं पुढं सरकत नाही.

तुर्भ्याच्या कारखान्यात तुम्ही क्रेनला हाताने इशारे द्यायचात आणि मी खाली लोखंडाला आकडे अडकवायचो. सुटल्यावर कोपरखैरण्याला, तुमच्या खोलीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बॉक्सिंग. माझ्या हातांना गुंडाळायला कापडी पट्ट्या नव्हत्या, तर तुम्ही काकूंचं जुनं लुगडं फाडलंत. काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो, अजून वर्षभर नेसले असते मी!" तुम्ही म्हणालात, "आता हा नेसेल." मग त्याच काकूंनी मला तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी वाढली, रागातच, पण पोटभर. शेडमध्ये तुमचं एकच टुमणं असायचं. घंटा झाली आणि माझे हात खाली आले की ओला टॉवेल फाडकन कानावर. "घंटा कानाला ऐकू येते रे, समोरच्याच्या हाताला नाही. स्टुलावर टेकलास की मग हात खाली." पण आठ-आठ तास कारखान्याच्या भोंग्यावर जगणारा माणूस मी. भोंगा झाला की हातातलं सुटलंच पाहिजे, ही सवय हाडात गेलेली.

ऐंशीच्या पुढची गोष्ट. आपल्या भागातली पैसे लावून झालेली पहिलीच पट्ट्याची लढत, कारखान्याच्या कुंपणालगतच्या मैदानात. बाहेरून बोलावलेला पंच आलाच नाही. तळवलीच्या लोकांनीच तुमचं नाव पुढं केलं, "उस्तादच पंच र्‍हाऊ दे. पोटच्या पोराला पन सोडनार नाय तो मानूस." पाहुणे उशिरा आले म्हणून लढत उशिरा सुरू झाली, आणि भोंग्याच्या वेळेचं भान कुणालाच राहिलं नाही. गुण देणारे तिघं होते, त्यांतल्या दोघांकडे मी पुढं होतो, हे नंतर कळलं. शेवटून दुसरी फेरी. तो दोरांना टेकलाय, मी त्याच्या बरगड्यांत मारतोय, आणि भोंगा वाजतो. माझे हात खाली येतात. मी नाही आणत, ते येतात. डावीकडे, डोळ्याच्या कडेला मला तुमचा उजवा पंजा वर गेलेला दिसतो, उघडा, बोटं पसरलेली. मग जबड्यावर गुद्दा, आणि मग आभाळ.

तुम्ही मोजताय. आपली माणसं ओरडतायत, "ओ उस्ताद, भोंग्यानं फसला तो, मोजू नका! चेल्याला खाल्लात!" तिकडून तळवलीवाले, "मोजतो का पोथी वाचतो? भरभर मोज!" चपला पडायला लागल्या रिंगणात. दोन्हीकडच्या शिव्या खात तुम्ही दहापर्यंत गेलात. नंतर माझ्या हातांच्या पट्ट्या सोडताना मी म्हणालो, "तुम्ही हात वर केला होता." वर न बघता तुम्ही विचारलंत, "मी थांबा म्हणालो?" मी म्हणालो, "नाही." "मग झालं तर."

झालं कुठं उस्ताद? पुढं तुमच्याकडे टीव्ही आला. कुठल्याशा परदेशातल्या पट्ट्याची लढत लागली होती. एक जण ओल्या जागेवर घसरला, त्याला गुद्दा लागलाच नव्हता, तरी पंचाने मोजलं, आणि शेवटी तेवढ्याच गुणाने तो हरला. लोक शिट्ट्या मारत होते. मी मुद्दाम मोठ्याने म्हणालो, "बघा, पंच पण चुकतो." तुम्ही लसूण सोलत होतात. म्हणालात, "चुकतो. पण ओरडा ऐकून बदललं, तर उद्या जो मोठ्याने ओरडेल त्याचा पट्टा." मला अजून विचारायचं होतं. काकू भाकरी घेऊन आल्या आणि राहिलं. त्याच पावसाळ्यात तुम्ही गेलात.

तेव्हापासून मी लोकांना सांगत आलो की हात वर होता. कुणी मानलं नाही. बायको म्हणायची, "तुम्हाला गुद्दा लागल्यानंतरचं काहीतरी दिसलं असेल." मलाही कधी कधी तसंच वाटायचं. आणि गेल्या आठवड्यात त्या बाकावर तो तळवलीवाला डोळे मिटूनच बोलला, "तुजा उस्ताद हात वर करून हुबा होता ना रं? माज्या समोर उजवीकडंच होता. मना वाटला थांबवतोय. पन गुद्दा सुटला होता. सुटलेला गुद्दा मागं येतो काय?"

मी म्हणालो, "आधी का नाही बोललास?"

"तू कवा इचारलास?"

म्हणजे हात होता. मला हलकं वाटायला हवं होतं. उलट घरी शिरल्या शिरल्या गॅस बघायला धावलो. कारण बसमध्ये मला तुमचा पंजा पुन्हा दिसला, पण रिंगणातला नाही. कारखान्यातला. भोंगा झाला की पाळी बदलणारी माणसं क्रेनखालून जायची, म्हणून भोंग्याबरोबर तुमचा पंजा वर, उघडा, बोटं पसरलेली. थांब, भार आहे तिथंच धर. रोज बघायचो मी तो, खाली उभा राहून. इतकी वर्षं कसं सुचलं नाही?

आता एवढंच सांगा. तो पंजा पंचाचा होता की क्रेनला इशारे देणाऱ्या क्रेनवाल्याचा? पंचाचा असेल, तर तुम्ही लढत थांबवली होती, आणि चेल्याला वाचवलं म्हणतील या भीतीने ते गिळलंत. मग तुम्ही शेवटपर्यंत माझ्यासमोर लसूण सोलत कसे बसलात? आणि क्रेनवाल्याचा असेल, तर त्या क्षणी भोंग्याच्या सवयीने आपण दोघंही कामावर होतो उस्ताद, रिंगणात एकटा तोच होता. मग पट्टा त्याचाच.

पत्राला पाकीट आणलेलं नाही, आणणारही नाही. पण खरं सांगतो, मला क्रेनवाल्याचाच हवाय. पट्टा गेला तरी चालेल. कसंही करून कळवा, आणि लवकर कळवा. उठतो, गॅस बघून येतो.