पालथं

आई, मला तुझी किळस यायची, हे मी तुझ्या तोंडावर कधी बोलले नाही. तू गेलीस तेव्हा टोकावड्याला आपल्या घराच्या अंगणात बायका रडत होत्या आणि मी कोरडी ठाक उभी होते. आता ठाण्याच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात, तुझ्या नातीच्या खाटेशेजारी बसून लिहिते आहे. नऊ वर्षांची आहे. माझ्यासारखाच तिच्याही उजव्या डोळ्याचा आतला पडदा सुटला. काल ऑपरेशन झालं. डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडलाय. तोंड खाली असलं तरच तो पडद्याला टेकतो आणि त्याला जागेवर दाबून धरतो, म्हणून पोर दिवसभर पालथी. खाणं, पिणं, रडणं, सगळं मान खाली घालून.

तुला हे नवीन नाही. मीही तिच्याच वयाची होते. मुंबईतला तो मोठा दवाखाना, फिनेल आणि लघवीचा मिळून येणारा वास, शी! अजून नाकातून जात नाही. मी पालथी पडलेली, उजव्या डोळ्याला पट्टी. मुरबाडहून आत्या आली, डब्यात भाकरी आणि सुके बोंबील घेऊन. मला बघून तिनं कपाळावर हात मारला. "पोर पालथी निजली की आयशीवर भारी पडतं गो, ठाव नाय का तुला? मरशील ना!" आत्या गेल्यावर खरकटा डबा उचलून नळावर गेलीस. थोड्या वेळानं नर्सला मी उताणी सापडले. डॉक्टर ओरडले, पोरीला कुणी वळवलं? तू तोंडाला पदर लावून म्हणालीस, "मीच वळवली, डाक्टर. मला बघवलं नाय." दोन महिन्यांनी पडदा पुन्हा सुटला आणि डोळा गेला तो गेलाच.

स्वतःचा जीव वाचवायला हिनं पोरीचा डोळा घालवला, असंच मी सगळ्यांना सांगत आले. शाळेत मैत्रिणींना, पुढे नवऱ्याला, तुझ्या माघारी आणि कधी तुझ्यादेखतसुद्धा. तू ताटात भात वाढायचीस आणि मी तुझी बोटं बघून ताट बाजूला सरकवायचे. याच हातांनी! मुरबाडच्या बाजारातून तू माझ्यासाठी काळा चष्मा आणलास, मेला डोळा लोकांना दिसू नये म्हणून. मी तो तुझ्यासमोर गटारात फेकला. तू वाकून काढलास, धुतलास, पदराला पुसून फडताळात ठेवलास. त्या चष्म्याला गटाराचा वास येतो म्हणून मी पुढे ते फडताळच उघडलं नाही. शेवटच्या आजारात तू पाणी मागितलंस, तर वहिनीला हाक मारली. अंथरुणाजवळ यायची शिसारी होती मला. तू एकदासुद्धा उलटून बोलली नाहीस, त्याचाही मला संताप यायचा.

आज सकाळी शहापूरहून सासूबाई आल्या. पोरीच्या कानाशी बसून काहीतरी पुटपुटत होत्या. त्यांना रिक्षात बसवून, औषधं घेऊन वर येते तर काय, पोर उताणी! पापण्या घट्ट मिटलेल्या. मी ओरडणार तोच ती म्हणाली, "आजी म्हणाली, पालथं झोपलं की आईवर भारी पडतं. तू मरशील का गं?" माझ्या हातातली पिशवी खाली पडली. मागून डॉक्टरबाई आल्या. "हिला कुणी वळवलं?" पोरीनं माझा हात घट्ट धरला. आणि माझ्या तोंडून निघालं, "मीच वळवली, मॅडम. मला बघवलं नाही."

बाईंनी मला सगळ्या वॉर्डासमोर झाडलं. आया कोपऱ्यातून अशी बघत होती, जशी मी तुझ्याकडे बघायचे. पोरीला परत पालथं केल्यावर बाई जरा निवळल्या. म्हणाल्या, "पाच मिनिटांनी काही बिघडत नाही हो. मुलांचा पडदा कधी कधी सगळं नीट करूनही पुन्हा सुटतो. पण परत असं करू नका." मी मान हलवली. तू हे ऐकायला हवी होतीस. तुला कुणी सांगितलंच नाही.

पोर आता झोपली आहे, तोंड खाली करून, माझं बोट मुठीत धरून. हा कागद घडी करून औषधांच्या पिशवीत टाकीन. कुठे पाठवणार?

आई, त्या दिवशी मला वरचा पंखा दिसला होता. एका पात्याला जळमट लोंबत होतं. तू तेव्हा नळावर होतीस, डबा घासल्याचा आवाज येत होता. आत्याचं ऐकून मीच वळले होते, तू मरू नयेस म्हणून. आज आठवलं असं लिहिणार होते. पण मी ते कधी विसरलेच नव्हते.