शेजारचं विरजण

३ जाने. १९९४, परभणी
थंडी मरणाची. लॅबमधला एल-सात आजही दुधात नुसता बसून राहिला. दही नाही, साधा आंबटपणा नाही. आयत्या साखरेच्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या पोसलेला जिवाणू. दुधाची साखर पचवायची जनुकंच हरवून बसलाय. सर म्हणाले, "फेका आता, सुमनबाई." माझ्याच्यानं होईना. आळशी असला तरी माझा आहे.
घरी मालकीणमावशीचीही तीच रड. "दह्याचं कालेज शिकायलीस अन् माझं दही लागंना! काय कामाची गं तू?"

५ जाने.
मावशीला माझ्या गाडग्यातलं विरजण दिलं. आईचं आहे ते. ती गेली त्या वर्षी चारठाण्याहून स्टीलच्या डब्यात घालून, एसटीत मांडीवर धरून आणलं. तेव्हापासून मोडू दिलं नाही. हे मावशीला सांगितलं, तर तिनं वाटी दोन्ही हातांनी घेतली.

७ जाने.
लागलं! सुरीनं कापावं असं दही. मावशीनं भाकरीवर वाढलं. "खा. काडी झालीस नुसती." आई गेल्यापासून असं कोणी रागावलं नव्हतं. लय बरं वाटलं.
लॅबमध्ये एक खोडी केली. एल-सातला आईच्या दह्यातल्या जिवाणूशेजारी ठेवलं. जिवाणू एकमेकांना चिकटतात, एक दुसऱ्याला जनुकांच्या छोट्याशा कड्याची नक्कल देतो. आईकडून लेकीला नव्हे, शेजाऱ्याकडून शेजाऱ्याला. पुस्तकात आहे. पण आमच्या त्या गळक्या खोलीत घडेल का...

१० जाने.
घडलं!! औषध घातलेल्या प्लेटवर पिवळे ठिपके. दुधाची साखर पचली की तिथं पिवळं होतं. त्या औषधानं आईचा जिवाणू मरतो, एल-सात मरत नाही. म्हणजे हा एल-सातच, आणि दुधाची साखर खातोय! सर म्हणाले परत करून पाहा. चेहरा मात्र फुलला होता त्यांचा.
मावशीला सांगितलं.
"म्हंजे शेजारणीनं विरजण दिलं म्हण की. मंग त्यांच्यात कोण कुणाचं, इचारत न्हाईत?"
"विचारतात मावशी. काही जण बाहेरचं आलं की तुकडे करून टाकतात. पण सगळंच नाही तुटत. उरतं त्यातून ते बदलत जातात, नवीन काही खायला शिकतात."
मावशी हसली. मला हसू आलं नाही. आम्ही बौद्ध, हे तिला माहीत नाही. खोली सरांनी मिळवून दिली, आडनाव जाधव, तिनं कधी विचारलंच नाही. सांगायला हवं. खोली काय, दुसरी मिळेल. मावशी कुठून आणू?

१४ जाने. संक्रांत
रेडिओवर विद्यापीठाच्या नामविस्ताराची बातमी. मावशीचा मुलगा राणीसावरगावहून आलाय, ओसरीवर तावातावानं बोलत होता. मला बघून थांबला.
"ताई, तुमी जाधव म्हंजे कोनते जाधव?"
"आमी बौद्ध."
मावशीच्या हातात तिळगुळाची वाटी होती. तशीच आत गेली. परत आली नाही. दार लावून रडले.

१५ जाने.
भिंतीपलीकडून मुलाचा आवाज. "महिनाअखेर खोली मोकळी करायला सांग तिला. अन् ते दही फेक."
मावशी म्हणाली, "कोनतं फेकू? समदं एकच झालंय आता. सकाळी तूबी दोन वाट्या खाल्लास."
मग भांडं आपटल्याचा आवाज. पुढचं कळलं नाही.

१६ जाने. रविवार
मुलगा गावी गेला. मावशीनं खोलीचं काही काढलं नाही. पुस्तकं दोरीनं बांधली, मग सोडली, मग पुन्हा बांधली.
संध्याकाळी नळाशी भांडी घासत होते. मावशी येऊन शेजारी उभी राहिली. मी मान वर केली नाही.
"तुज्या आईचं नाव काय व्हतं गं?"
"गयाबाई."
"गयाबाई," ती म्हणाली, आणि मी घासलेली कळशी उचलून आत गेली.