शुक्रवारचा फळा

३ फेब्रुवारी, सोमवार

पाचवी पास नाही म्हणून नोकरी जाणार! सोळा वर्षं या शाळेत झाडू मारला, आणि मी तिसरीतून शाळा सोडली होती हे यांना आज कळलं.

मोठ्या सरांनी ऑफिसात बोलावलं. "बसा मावशी" म्हणाले तेव्हाच ओळखलं, काहीतरी वाईट आहे. एरवी कोण मला बसा म्हणतं! एक एप्रिलपासून सफाई कंपनीकडे जाणार. कंपनी आपली माणसं आणणार. जुन्यांपैकी एका बाईला शाळा कायम करून घेईल, पण तिच्याकडे पाचवी पासचा कागद हवा. अकरा मार्चला मोठ्या माणसांची परीक्षा आहे. आपल्याच शाळेत. चार विषय, शंभर गुण, पस्तीसला पास.

"जमेल ना?" सरांनी विचारलं. जमेल म्हटलं. दुसरं काय म्हणणार? लेकीच्या एकटीच्या पगारात खोलीचं भाडंसुद्धा सुटायचं नाही.

५ फेब्रुवारी

पाचवीच्या बाईंना विचारलं, शिकवाल का. त्या खुर्चीत नुसत्या पडल्या होत्या. "बेचाळीस मुलं आहेत हो माझ्याकडे, मावशी. संध्याकाळी तोंडातून शब्द फुटत नाही." खोटं नाही ते. त्यांचा घसा कायम बसलेला असतो.

मग म्हणाल्या, "असं करा. फळा मी पुसणार नाही. तुम्ही पुसायच्या आधी उतरवून घेत जा. आणि रोज चार ओळी स्वतःच्या मनानं लिहा, हात वळेल."

म्हणून हे लिहिणं चाललंय. वही मुलांच्या टाकलेल्या वह्यांतली कोरी पानं काढून शिवली आहे. हात काही वळत नाही अजून. अंगठा दुखतो.

६ फेब्रुवारी

आधी बाकीचे दहा वर्ग झाडायचे, पाचवी शेवटी. बादली दारात ठेवायची, पहिल्या बाकावर बसायचं. बाक इतका बुटका की गुडघे हनुवटीला लागतात. आज पाण्याची वाफ, वाफेचे ढग, ढगाचं पाणी. हे सोपं आहे.

घंटेवाल्या काकांनी पाहिलं. "काय, यंदा स्नेहसंमेलनात नाचणार का?" म्हटलं, तुम्ही घंटा वाजवा, मी नाचते!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आजचा फळा झकास. दहा वाक्यं, मोठी, ठळक, आकडे घालून. कुठं खाडाखोड नाही. दहाही उतरवली. असंच रोज लिहितील तर मी पास झालेच!

१० फेब्रुवारी

लेकीशी वाजलं. ती औषधाच्या दुकानात काउंटरवर असते, बारावी शिकली आहे, म्हणून म्हटलं जरा पाठ म्हणून घे. मी म्हटलं, "एक अष्टमांश मोठा, एक चतुर्थांश लहान." ती हसायला लागली.

"अगं आई, उलटं! एका गोळीचे चार तुकडे केले तर तुकडा मोठा, का आठ केले तर?"

"गोळी वेगळी, गणित वेगळं. आठ मोठे का चार मोठे?"

"आई!"

"बाईंनी स्वतःच्या हातानं लिहिलंय. तू काय बाईंपेक्षा शहाणी?"

ती उठून भांडी घासायला गेली. मला आईची अक्कल काढलेली खपत नाही. पुन्हा तिला विचारणार नाही.

१३ फेब्रुवारी

क्षेत्रफळ. लांबी गुणिले रुंदी. पाचवीचा वर्ग मोजला: या बाजूला चोवीस फरशा, त्या बाजूला अठरा. गुणाकार केला. चारशे बत्तीस! मग खरंच एकेक मोजत पुसल्या. चारशे बत्तीसच भरल्या. सोळा वर्षं पुसते आहे, आज कळलं किती ते.

एका वर्गाच्या एवढ्या. असे अकरा वर्ग. पुढचा गुणाकार केला नाही, आधीच पाय दुखायला लागले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पुन्हा दहा वाक्यं. शुक्रवार माझा लाडका वार.

१८ फेब्रुवारी

पहाटे उठते, पाठ करते, कामावर जाते, येते, पडते. डोळे चुरचुरतात. बाकीच्या दिवसांचा फळा म्हणजे नुसता गिचमिडा, अर्ध्यात बाण, अर्ध्यावर मुलांच्या रेघोट्या. डोक्यात शिरतच नाही. शुक्रवारचं मात्र घडाघडा येतं. झाड माती खाऊन वाढतं. जड दगड आधी पडतो, हलका मागून. वटवाघूळ पक्षी आहे. सगळं कसं मनाला पटतं. जे पटतं ते लवकर पाठ होतं!

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दहा. तीस झाली.

२४ फेब्रुवारी

ताप. तरी गेले. रजा टाकली तर म्हणतील, आत्ताच हिला झेपत नाही, कायम करून काय करायचं!

२७ फेब्रुवारी

कोणाला सांगू? कोणाला तोंड दाखवू?

वही बाकावर राहिली होती. बाईंनी चाळली. मी बादली घेऊन आत आले तर त्या कपाळाला हात लावून बसलेल्या.

"मावशी, हे पाठ केलंत तुम्ही?"

म्हटलं, हो, तीसच्या तीस.

"अहो, शुक्रवारी मी सगळं चुकीचं लिहिते! मुलांनी घरी चुका शोधून आणायच्या असतात. वर मथळा घालत नाही, मुलांना ठाऊकच असतं... मी तुम्हाला सांगायलाच विसरले हो!"

सगळं चुकीचं. तीसच्या तीस! मला आधी हसूच आलं. मग तिथंच बाकावर बसून रडले. तीन आठवडे पहाटे उठून मी खोटं पाठ केलं! बाई पाठीवरून हात फिरवत होत्या आणि म्हणत होत्या, चूक माझी, चूक माझी. म्हटलं, तुमची चूक असली तरी नोकरी माझी जायची आहे. टोचून बोलले. बोलायला नको होतं, पण बोलले.

लेकीला सांगितलं. वाटलं, आता ही हसणार. हसली नाही. औषधाची एक गोळी घेतली, सुरीनं चार तुकडे केले. दुसरीचे आठ केले. माझ्या तळहातावर ठेवले. 

१ मार्च

बाई आता संध्याकाळी अर्धा तास थांबतात. घसा बसलेला, तरी शिकवतात. "ते डोक्यातून काढून टाका" म्हणतात. काढू कशी? फळा असता तर ओल्या फडक्यानं पुसला असता. वटवाघूळ म्हटलं की पक्षीच येतं तोंडात. मग आठवतं, नाही, ते चुकीचं. मग वाटतं, का हेच चुकीचं? आता बरोबर कोणतं आणि चूक कोणतं, दोन्ही सारखंच दिसतं.

४ मार्च

नकाशात उत्तर वर. उत्तर वर. उत्तर वर.

७ मार्च, शुक्रवार

फळा न वाचता पुसला. बघवत नाही.

१० मार्च

उद्या. बाई म्हणाल्या, "पेपर तपासायला माझ्याकडेच येणार आहेत. निवांत झोपा." हे त्यांनी का सांगितलं? त्या लगेच पर्स उचलून निघाल्या.

लेकीनं माझी साडी इस्त्री केली. "शाळेचा पहिला दिवस आहे तुझा" म्हणाली. मेली, रडवते!

११ मार्च

दिला पेपर. सात जण होतो. त्यात एक ड्रायव्हर, एक माळी, बाकी बायका. मी जो वर्ग रोज झाडते त्यातच बसले, आणि नाव लिहायलाच पाच मिनिटं गेली.

निबंध बरा झाला. 'माझे काम' होता, त्यात काय! फरशांसारखंच एक गणित आलं, ते सोडवलं. पण विज्ञानाच्या पानावर सगळी गुंतवळ झाली. झाडाचं अन्न... माती लिहिलं, खोडलं, सूर्यप्रकाश लिहिलं, पुन्हा खोडलं. शेवटी काय ठेवलं ते आठवत नाही. माळी बाहेर आल्यावर म्हणाला, "मला विचारायचं की! झाडं माझीच आहेत." सगळे हसले. मलाही हसू आलं.

१४ मार्च

कंपनीचा माणूस येऊन वर्ग मोजून गेला. मशीन आणणार म्हणे. मला विचारलं, "तुम्ही जुन्या का?" जुनी म्हणे!

१८ मार्च

पास! पस्तीस! बरोब्बर पस्तीस, एक कमी नाही, एक जास्त नाही!

मोठे सर स्वतः व्हरांड्यात येऊन म्हणाले. काकांनी अवेळी घंटा वाजवली, सगळी शाळा बाहेर आली, सर त्यांच्यावर ओरडले. लेकीला दुकानात फोन केला तर ती काउंटरवरच किंचाळली म्हणे, गिऱ्हाईक घाबरलं. किती वर्षांनी असं हसतोय आम्ही दोघी! पाचवीच्या बाई तेवढ्या आज लवकर घरी गेल्या. त्यांना सांगायचं होतं.

उद्या दुपारी सही करायला बोलावलंय.

१९ मार्च

सकाळी क्लार्कनं उत्तरपत्रिका हातात दिली, ज्याची त्यानं ठेवायची असते म्हणे. सामानाच्या खोलीत उभी राहून बघितली. पहिल्या पानावर भाषा बारा, गणित सहा, विज्ञान अकरा, परिसर सहा. पस्तीस. आत विज्ञानाच्या पानांवर बाईंनी प्रत्येक उत्तरापुढे लाल आकडे घातलेत: दोन, एक, शून्य, तीन, दोन. बेरीज केली. आठ. पुन्हा केली, बोटांवर केली. आठच.

म्हणजे बत्तीस.

दुपारी सरांनी कागद पुढे केला. बाई बाजूलाच उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी खाली पाहिलं. फार लाज वाटली, माझीही आणि त्यांचीही. सही केली. लेकीला सांगणार नाही.