रामदास आप्पांना गाठायचं

८ जानेवारी १९९६, सोमवार
सूतवाल्या शेठने दिलेली डायरी आज कामाला काढली. महिन्याभरात हर्षदाचं लग्न जमवायचं म्हणजे जमवायचं. पोरगी सत्तावीसची झाली (बायोडाटात पंचवीस). तीन स्थळं मोडली. पण परवा नवागामात एका हळदीला आपल्या समाजातल्या रामदास आप्पांचा मुलगा योगराज दिसला आणि ती आपणहून आईला म्हणाली, हा चालेल. आजवर कुणाबद्दल एवढं बोलली नव्हती! मालतीने लगेच देवापुढे साखर ठेवली.

मुलगा इच्छापोरला कंपनीत, डिप्लोमावाला, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. आता मुलीच्या बापाने उठून त्यांच्या दारात जायचं म्हणजे आपली किंमत आपणच घालवायची. मध्यस्थ घालावा तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या नवागामात बोभाटा. म्हणून माझा प्लॅन. आप्पा रोज पहाटे सुरतेबाहेर डुमसच्या रस्त्याला दर्याकाठच्या बागेत फिरतात. आपणही फिरायचं. योगायोगाने गाठ पडेल. चालता चालता सहज विषय काढायचा. दोन दिवसांचं काम.

९ जानेवारी
पहिली बस पकडली. बागेत सुरूची झाडं, त्यांच्यामधून वाळूची वाट, मग टेकाडावर चढणाऱ्या बासष्ट पायऱ्या, वर ओटा, पलीकडे उतार, पुन्हा वाळू. आप्पांचं वय अठ्ठावन्न. पांढरे कॅनव्हासचे बूट. त्यांची पाठ दिसली. दुसऱ्या फेरीलाही पाठच दिसली. मी बारा-बारा तास कापडाच्या कारखान्यात मागांमध्ये उभा राहणारा मास्तर, मला चालण्याचं काय कौतुक? दोष चपलेचा. वाळूत रुतते.
बाहेर गाडीवर चणाडाळीचा गरम लोचो खाल्ला. दोन प्लेट. व्यायाम करायचा तर अंगात ताकद पाहिजे.

११ जानेवारी
शेजारच्या लोटूचे बूट आणले. एक नंबर लहान आहेत, पण बूट आहेत. आज उलट्या दिशेने चाललो, म्हणजे समोरासमोर येणारच. आले. मी राम राम म्हणालो. तेही राम राम म्हणाले आणि गेले. मी वळेपर्यंत सुरूंच्या पार. तीन फेऱ्या, तीन राम राम. तिसऱ्याला किंचित हसले. प्रगती आहे.
कारखान्यात पाऊण तास उशीर. शेठ गुजरातीत जे बोलला ते इथे लिहीत नाही.

१४ जानेवारी, उत्तरायण
सगळी सुरत गच्चीवर. आप्पाही पतंग उडवत असणार, म्हणून झोपून राहिलो. मालतीने विचारलं, आते कथा गया तुम्हना प्लॅन? तिला समजावलं की विश्रांती हासुद्धा ट्रेनिंगचाच भाग असतो. तिने कपाळावर हात मारला.

१७ जानेवारी
पायऱ्या संपतात तिथे कोणाचाही वेग कमी होतो. म्हणून वर जाऊन थांबायचं ठरवलं. वर थांबायला आधी वर जावं लागतं, हे ध्यानात आलं नव्हतं. चाळिसाव्या पायरीला डोळ्यांपुढे काजवे. कसाबसा पोचलो, मागोमाग आप्पा पोचले. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, आमची... पुढे श्वासच नाही. त्यांनी विचारलं, काय आमची? मी म्हणालो, आमची बस चुकली.
गाढव आहे मी. पण त्यांनी मला कठड्यावर बसवलं, पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला. परक्याच्या पाठीवरून कोणी हात फिरवतं का? घरचा माणूस समजतात.

२२ जानेवारी
आजही पायऱ्यांवरच गाठ, आजही पाणी पिऊन वेळ गेला. वॉचमन लांबूनच ओरडतो, काका, धीमे धीमे. मी खोकलो की तो तोंडाला रुमाल लावतो. प्लेग होऊन सव्वा वर्ष झालं, तरी सुरतेत माणसाला मोकळेपणाने खोकायची सोय नाही.
हर्षदा रोज बाटली भरून देते. काही विचारत नाही. काल मात्र आईला विचारत होती, मला मोरपंखी साडी बरी दिसते की अबोली? कुठे जायचं नसताना. लवकर उरकलं पाहिजे.

२६ जानेवारी. सोन्याचा दिवस!
आप्पांनी स्वतःहून विषय काढला! मी कठड्यावर धापा टाकत होतो. शेजारी बसून म्हणाले, गजेंद्रभाऊ, तुमच्या वडलांनाही असंच व्हायचं का? आजोबांना? खानदानाची चौकशी! सोयरीक मनात असल्याशिवाय कोणी आजोबांपर्यंत जातं का? मी हातचं काही राखलं नाही. मोठ्या माणसाला नाही तरी कसं म्हणायचं? सांगितलं, हो तर, वडील दोन पायऱ्या चढले की खाली बसायचे, आजोबांचंही तेच, आत्याचंही तेच. मग हळूच घरात पोरगी आहे हेही कानावर घातलं. हर्षदा अगदी माझ्यावर गेलीय म्हणालो, डिट्टो.
आप्पांनी बुटाची नाडी सोडली, बांधली, पुन्हा सोडली. फार खोल विचार करतात.
लोचो, तीन प्लेट.

३० जानेवारी
आप्पांनी छातीच्या डॉक्टरचा पत्ता दिला. होणाऱ्या व्याह्याची एवढी काळजी! पण स्पष्ट काही बोलत नाहीत. लोटूच्या बुटांत दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली. शेठने रजा देतो म्हणून धमकी दिली, कायमची.

४ फेब्रुवारी, रविवार
चार दिवस आप्पा नाहीत. आजही नाहीत. पाच फेऱ्या मारल्या, एकटाच. त्यांच्या दारात जाऊ का? नको. जाऊ का? मालती रात्री रडत होती. म्हणाली, हे गेलं तर पोरगी पुन्हा कुणाला हो म्हणायची नाही. आता काय करू, कुणाला विचारू, काही सुचत नाही. आई सप्तशृंगी, एवढी एकदाच गाठ घालून दे.

८ फेब्रुवारी
आज गाठले. सपाट वाटेवर, वाळूतच, खांद्याला खांदा लावून. श्वास शाबूत होता. सगळं बोललो. आमची हर्षदा बालवाडीत शिकवते, तुमच्या योगराजसाठी मनात आहे, तिलाही पसंत आहे. हे शेवटचं बोलायचं नव्हतं, निघून गेलं.
आप्पा थांबले. म्हणाले, भाऊ, त्या हळदीहून घरी आल्यावर योगराजनेच तुमच्या पोरीचं नाव घेतलं होतं. संक्रांत झाली की मीच तुमच्याकडे येणार होतो. पण रोज तुमची ही अवस्था बघितली. त्यात घराण्यातच आजार आहे असं तुम्हीच म्हणालात, पोरगीही तुमच्यावर गेलीय म्हणालात. आमच्या घरात सगळ्यांनी धसका घेतला. रविवारी चलथाणच्या मुलीशी त्याची सुपारी फुटली.
मी म्हणालो, अहो, मला कसलाही आजार नाही, जन्मात कधी चाललो नव्हतो एवढंच, वडला-आजोबांचं तर तुमचं मन राखायला हो म्हणालो! त्यांना पटेना. थांबा, दाखवतो म्हणालो आणि धावत सुटलो. बासष्ट पायऱ्या वर, बासष्ट खाली. खाली आलो तेव्हा धाप थांबेना, नुसतं रडू. आप्पांनी हात जोडले. म्हणाले, जिवाला जपा.

मालतीला सांगितलं, आजही विषय निघाला नाही. हर्षदा बालवाडीला निघाली होती. दारातून परत आली आणि पहिल्यांदाच माझ्याशी त्याबद्दल बोलली. म्हणाली, पप्पा, एवढे दमू नका. सावकाश विचारा त्यांना. मी थांबते.
बरं म्हणालो. उद्या पुन्हा पहिली बस पकडायची. घरी बसलो तर तिला काय सांगू?