घोटा सुटला तेव्हा

पनवेल,
फाल्गुन वद्य षष्ठी

प्रिय समू,

तुझं पार्सल सोमवारी पोचलं. आत निघालं ते असं: सुके बोंबील अर्धा किलो, सुकट पाव किलो, माझ्या माहेरच्या मिठागरातल्या मिठाची पुडी, जांभळी सुती साडी एक, आणि तुझ्या काकांसाठी शिट्टी. कुरियरची पावती एकशे नव्वदची. मोऱ्याहून इकडे येणाऱ्या कुणाच्याही हाती पिशवी दिली असतीस तर फुकटात आली असती. पण ज्याच्या हाती द्यावी असं आपल्या गावातलं माणूस तुला आता उरलेलं नाही, हे लिहिता लिहिताच माझ्या ध्यानात आलं, म्हणून पावतीवरून बोलत नाही. साडीची किंमत तू पेनाने खोडली आहेस. उजेडात धरली की वाचता येते. सातशे पन्नास. पुढच्या वेळी इतकी नको. सोमवार-मंगळवार आपण मासळी खात नाही म्हणून बोंबलांचा डबा बुधवारपर्यंत उघडला नाही, तरी वास घरभर फिरला आणि जेवताना तुझ्या काकांनी विचारलंच, मोऱ्याचं काय आलंय. मी म्हटलं, मीठ. ते काही खोटं नव्हतं.

फोन का नाही केला असं तुझ्या मनात येईल. फोनवर तू ‘मी बरी आहे काकी’ म्हणतेस आणि ठेवतेस. कागद असा मधेच ठेवता येत नाही. शिवाय जे लिहायचं आहे ते तोंडाने बोलायला गेले तर माझी गाडी दुसरीकडेच वळेल. दहावीला मराठीत मला बासष्ट होते, त्यांचा एवढा तरी उपयोग होऊ दे.

इकडचं सांगायचं तर माझा हात हल्ली एका कामावर ठरत नाही. परवा आमटीत दोनदा मीठ पडलं. सकाळी माळ घेऊन बसते आणि चाळीस-पन्नासवर आकडा हरवतो, मग पहिल्यापासून. शेजारची वेणू म्हणते, वय झालं. वेणूला काय जातंय बोलायला. वाल सोलून झालेत, गच्चीवर वाळत घातलेत. कशावर घातलेत ते सांगते, हसू नकोस. तुझा तो वेशीवरचा फ्लेक्स, ‘गावची शान’ लिहिलेला, तू गेल्यावर आठव्या दिवशी पोरांनी उतरवला आणि गटारापाशी टाकला. नऊ बाय सहाचा चांगला जाड फ्लेक्स, माझ्याने तो टाकवेना. गुंडाळून घरी आणला, धुतला. वाल पांढऱ्या बाजूवर घालते, म्हणजे तुझं तोंड खाली राहतं आणि त्याला ऊन लागत नाही.

गावाचं म्हणशील तर लोक तुझं नाव घेत नाहीत, आणि तुझ्याशिवाय दुसरं काही बोलतही नाहीत. कबड्डी मंडळाच्या मीटिंगमध्ये जगनने अध्यक्ष म्हणून ठणकावून सांगितलं की त्या पोरीचा विषय आपल्यासाठी संपला. मग चहा आला, आणि तोच जगन मोजून सांगत होता की मोऱ्याकडून तुझे साखळी सामन्यांत किती गुण झाले, आणि बोनसला ती अजून डावाच पाय टाकते, तो तिला मी सांगून सांगून सुटला नाय. म्हणजे सगळे फोनवर बघतात. कुणी आलं की फोन उलटा करतात. शोभा तर परवा दळणाच्या रांगेत म्हणाली, लग्न करून गेली असती मोऱ्याला तर आमी वाजत पाठवली असती, ही तर आपल्या पायांनी गेली.

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कारण मी वाजत आले ना. एकतीस वर्षांपूर्वी मोऱ्याहून इथे आले तेव्हा आदल्याच महिन्यात मोऱ्याने आपल्या गावाला फायनलला हरवलं होतं, आणि वरातीत माझ्या मागेच कुणीतरी म्हणालं होतं, नवरी आणलीत पण करंडक राहिला तिकडंच. पुढच्या वर्षी सामना इथे होता. माझा सख्खा भाऊ, तुझा दत्तामामा, मोऱ्याकडून चढाईला आला आणि मी बायकांत उभी राहून ओरडले, धरा त्याला. धरला. दत्ता दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलला नाही. पण इथल्या सगळ्यांनी त्या दिवशी मला आपलं म्हटलं. सासूबाईंनी स्वतःच्या हाताने मला गूळ दिला. त्या गुळाची गोडी मी इतकी वर्षं बाळगली. आता तिचा विचार केला की तोंड कसंनुसं होतं.

तू का गेलीस ते मला माहीत आहे, आणि ज्यांनी मैदान दिलं त्यांनाही माहीत आहे. तुझे आईबाबा उलव्याच्या फ्लॅटवर राहायला गेले तेव्हा तू पाचवीत होतीस, आणि इथलं मैदान सोडवेना म्हणून आमच्याकडे राहिलीस. ते मैदान आता लग्नाच्या हॉलचं पार्किंग आहे. देताना कागदावर सह्या झाल्या त्यात एक तुझ्या काकांचीही होती. त्यांनी तुला शिकवलं, पहिली पकड शिकवली, आणि त्यांचीच सही. मुली मग शाळेमागच्या खडीवर सराव करायच्या, आणि तिथेच तुझा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, खेळायचं असेल तर मॅटवर. आता एक गोष्ट लिहिते, ती तुझ्या काकांना ठाऊक नाही. मोऱ्याच्या मंडळाकडे मॅट आहे का, हे दत्ताला फोन करून मीच विचारलं होतं. त्याने ते मंडळाला सांगितलं, मंडळाने तुला बोलावलं, आणि तू दत्ताच्या घरी राहायला गेलीस. म्हणजे मीच तुला मोऱ्याला धाडलं असं गाव जे बोलतं, त्यातलं निम्मं खरं आहे. मी फक्त मॅट विचारली होती. पण पेटीतली काडी कुणी ओढली म्हटलं तर मीच.

आता नवसाचं. तुझा गुडघा सुजलेला होता तेव्हा मी गावदेवीला बोलले होते, हे तुला कधी सांगितलं नाही. माझ्या समूच्या हाती जिल्ह्याचा करंडक येऊ दे, मी पाच नारळांचं तोरण तिच्या हाताने तुला बांधीन. वेणू शेजारी होती. ती म्हणाली, अगं जिल्ह्याचा करंडक मागतेस आणि पाच नारळ? अकरा तरी बोल. मी म्हटलं, देवीला काय नारळाचा भाव ठाऊक नाही का. तेव्हा आम्ही हसलो. पण चूक पाच-अकराची नव्हतीच. आपल्या मंडळाला करंडक मिळू दे असं म्हणायचं सोडून मी तुझं नाव घेतलं. त्या वेळी तू आणि मंडळ वेगळं असेल हे डोक्यातच नव्हतं. देवीने शब्दाला शब्द दिलं. करंडक तुझ्या हाती आला, मोऱ्याच्या शर्टात, आणि आपल्याच मुलींना एका गुणाने हरवून.

वेणू म्हणते, पहाटे कुणी नसताना जाऊन गुपचूप बांध आणि मोकळी हो. जगनच्या कानावर गेलं तर त्याने निरोप पाठवला की काकी, गाव हरल्याचं तोरण गावदेवीला बांधणार का. गुरवांना विचारलं. ते म्हणाले, बाई, नवस बोलला तो फेडायचा, देवी शर्ट बघत नाय. मला गुरवांचं पटलं. लपून बांधायचं तोरण मी बोलले नव्हते. चैत्री पौर्णिमेला जत्रेत, सगळ्यांसमोर, तू माझ्या शेजारी, असंच ते व्हायला हवं. तुझे काका काय म्हणतील ते म्हणतील. शिट्टी मी फळीवर देवाशेजारी ठेवली होती, तिच्याकडे त्यांनी दोन दिवस पाहिलंही नाही. काल पुसायला गेले तर फळीवर नव्हती. आज संध्याकाळी शाळेच्या बाजूने शिट्टी ऐकू आली. कुणाची ते बघायला मी बाहेर गेले नाही.

म्हणजे नुसतं तोरणच असतं तर मी तुला चार ओळी लिहिल्या असत्या, की ये म्हणून. पण फायनलला जे झालं ते मधे आहे. अठ्ठावीस-अठ्ठावीस झाले होते. शेवटची चढाई तुझी. मी आपल्या बायकांत, दुसऱ्या रांगेत बसले होते, आपल्या मंडळाची टोपी घालून. खोटं कशाला सांगू, तोवर आपल्याच मुलींसाठी टाळ्या वाजवत होते आणि तू चढाईला आलीस की हात मांडीखाली धरत होते. तू आत शिरलीस, आणि डाव्या कोपऱ्यातून आपल्या अंकिताने तुझा घोटा धरला. त्याच पायाचा. तू मध्यरेषेकडे ओढ घेतलीस, ती सोडेना, आणि गुडघा आत वळताना मला दिसला. ज्या गुडघ्याला मी चार महिने तेल कोमट करून लावलं तो. तेव्हा मी उठले आणि ओरडले.

“अंकिता, सोड तिला.”

सगळ्या रांगेने ऐकलं. आणि घोटा सुटला, तुझी बोटं रेषेला लागली, आणि पंचाचा हात तुमच्या बाजूला वर गेला. शोभा माझ्याकडे वळून म्हणाली, शेवटी मोऱ्याचीच नं तू. एकतीस वर्षांनी. मी मोऱ्यासाठी ओरडले नव्हते ग. तुझ्यासाठीही नाही. त्या गुडघ्यासाठी ओरडले. पण हे कुणाला सांगायचं, आणि सांगून कोण ऐकणार. नंतर तू करंडक घेऊन बायकांच्या बाजूला आलीस, मला शोधत, पाया पडायला. मी चप्पल शोधण्याच्या निमित्ताने खाली वाकले आणि तू पुढे जाईपर्यंत वर पाहिलं नाही. चप्पल पायातच होती. तरी तू पार्सल पाठवलंस.

आता ज्यासाठी एवढा कागद भरला ते. त्या दिवसापासून अंकिता सरावाला येत नाही. लोक म्हणतात, मैत्रिणीसाठी तिनं हात सैल केला, विकली गेली. माझ्या घरी तुम्ही दोघी एका ताटात जेवलेल्या पोरी. माझ्या दारावरून जावं लागू नये म्हणून ती आता लांबच्या वाटेने जाते. मी तिला देवळापाशी गाठून विचारलं, तर खाली बघून एवढंच म्हणाली, सुटला, काकी. माझ्या ओरडण्याबद्दल तिने तोंडातून अक्षर काढलं नाही, आणि म्हणूनच मला जास्त लागतं. लहानपणापासून मी सांगितलेलं तिने कधी मोडलं नाही. तेव्हा तू मला एक गोष्ट खरी सांग. तिची पकड तुझ्या पायाला कळत होती, आणि माझा आवाजही तुला पोचला, कारण तू मान वळवलीस, ती मी पाहिली. घोटा मी ओरडायच्या आधी सुटला की नंतर? आधी सुटला असेल तर करंडक देवीने दिला, आणि तू जत्रेला ये, पाच नारळ आणून ठेवलेत, तोरण दोघी बांधू, मग गाव काहीही म्हणो. नंतर सुटला असेल तर तो देवीने नाही, मी सोडवला. मग त्या तोरणावर माझा हक्क नाही. मग ते पाच नारळ घेऊन मी भर दिवसा अंकिताच्या दारात जाईन, आणि मंडळात जगनसमोर उभी राहून सांगेन की पोरीचा दोष नाही, तिने मोठ्यांचं ऐकलं. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. दत्ताला विचारू नकोस, तो तिथे नव्हता. आत आपला पत्ता घातलेलं, पाच रुपयांचं तिकीट लावलेलं पाकीट ठेवलं आहे. एकच शब्द पुरे, आधी की नंतर. उलट टपाली कळव.

तुझीच,
काकी