ज्ञानदेवतेच्या गालावरचा तीळ

मी, पदकांचे ठसे कोरणारा, वय एकोणऐंशी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. बायकोने अजून दिलेला नाही.

१. राहते घर बायकोला, तिच्या पश्चात मुलीला.

२. छिन्न्या, हातोड्या व भिंग मुलीला. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. मेहुण्याने यांतले काहीही "जरा बघायला" नेऊ नये. मागे नेलेली कानस तो अजून बघतोच आहे.

३. विद्वन्मंडळाच्या शताब्दी पदकाचा पोलादी ठसा बायकोला. याचे कारण नोंदवणे भाग आहे.

पदकावर दिवा घेतलेली ज्ञानदेवता आहे. तिच्या डाव्या गालावर ठिपका आहे. मंडळाच्या चिटणीसांनी त्यावर बारा पानी निबंध वाचला: दिवा म्हणजे विवेक, उघडा ग्रंथ म्हणजे परंपरा आणि हृदयाच्या बाजूचा ठिपका म्हणजे जिज्ञासेचे बीज. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

वस्तुतः तो तीळ आहे आणि माझ्या बायकोचा आहे. ती समोर पेपर वाचत बसली होती, मी तिचा चेहरा कोरत होतो. ठसा उलटा कोरला तरच पदक सुलटे उमटते. अक्षरे, ग्रंथ, दिवा सारे नियमाने उलटे कोरले. तीळ मात्र तिच्याकडे बघण्याच्या नादात दिसला तसाच कोरला, आणि पदकात तो उजव्या गालावरून डाव्या गालावर गेला.

पदक पाहून बायको म्हणाली, "ही कोण हो? तीळसुद्धा भलत्याच गालावर!" चूक कबूल केली तर कारागिरीची अब्रू जाणार, म्हणून मी गप्प बसलो. तेव्हापासून तीस वर्षे ऐकतो आहे, "जगाचे चेहरे कोरलेत, माझ्यासाठी कधी छिन्नी उचलली नाहीत." हे मला फार लागते. तोंडाने सांगायला जीभ रेटत नाही. तिने ठसा उजेडात धरून पाहावा. त्यात तीळ आपल्या जागी आहे.

स्थळ: कामाची खोली, खिडकीजवळचे मेज. दिनांक: १४ मार्च.
सही: ठसे कोरणारा

साक्षीदार:
१. डॉक्टर
२. मंडळाचे निवृत्त चिटणीस (सही केली, निबंध मागे घेतलेला नाही)

दुरुस्ती, साक्षीदारांसमक्ष: चहा घेऊन आलेल्या बायकोने वरील मजकूर वाचला. "तुमच्या मरणाची वाट कशाला बघू?" असे म्हणून ती ठसा आत घेऊन गेली. चहाही परत नेला. कलम तीन रद्द समजावे.